गोव्याला येऊन वॉटर पार्क? तुमचे अनुभव लिहा

मे लागला की म्हापशातल्या आमच्या घराची धर्मशाळा होते. पुण्याची आते, ठाण्याचा मामा, कोल्हापूरचे दीर-जाऊ, सगळे उतरतात. दोन दिवस समुद्र झाला की पोरं विचारतात, "वॉटर पार्कला कधी?" आणि कोणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "दारात समुद्र असताना पैसे देऊन कसलं भिजायचं?"

घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे आणि बायकांना पोहता येत नाही, अशांना पार्कच बरा पडतो, असं माझं मत. पटत नसेल तर खुशाल भांडा. पार्कांची नावं आणि तिकिटांचे दर मात्र नकोत, दर हंगामात ते बदलतात. कपडे, खाणंपिणं, रडारड, म्हातारी माणसं यांच्याबद्दल लिहा. सुरुवात मीच करते.

सासूबाई कुडाळकडच्या. तिकीट काढतानाच त्यांचं सुरू झालं, "पाण्यात भिजूक पैशे कित्याक? परड्यात बाव आसा ती काय सुकली?" आत गेल्यावर कळलं की साडी चालणार नाही. काउंटरवरच्या मुलीने भाड्याचा काळा नायलॉनचा पोशाख पुढे केला. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "ह्यां घालून जावयाफुडे फिरतलंय मी?" विषय संपला. त्या सावलीतल्या खुर्चीवर बसल्या. सगळ्यांचे चष्मे, घड्याळं आणि नणंदेचं मंगळसूत्र त्यांच्या पदरात.

दुपारी लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला. तो तलाव एका बाजूने उतरता असतो, काठावर पाणी जेमतेम घोट्याएवढं. वर पाहते तर सासूबाई तिथे उभ्या, निऱ्या एका हातात आणि पदराची गाठोडी दुसऱ्या हातात. लाट आली की दोन पावलं मागे, गेली की दोन पावलं पुढे. शिपायाने शिटी वाजवली, तर त्यालाच दटावलं, "मी पवाक नाय, नातवांक मोजूक इलंय." घरी येताना गाडीत एकच तक्रार, जी माझीही आहे: न भिजणाऱ्या माणसाला पूर्ण तिकीट कशासाठी?

कोल्हापूर

वहिनी, दीर-जाऊ म्हणजे आम्हीच का? असो. आमची फौज आंबोलीमार्गे उतरते, गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. ते सगळं गेटवर अडतं. बाहेरचं खाणं आत नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे आणि आतला वडापाव खाताना तो फार झोंबतो. आता आम्ही पार्किंगमध्येच डिकी उघडून जेवतो आणि मग आत जातो. भरल्या पोटी घसरगुंडीवर चढू नये म्हणून तासभर नुसतं कोमट पाण्यात बसायचं.

उंचीच्या पट्टीचा किस्सा सांगतो. मोठ्या घसरगुंडीला उंचीची अट असते. धाकट्या पुतण्याने केस ओले करून वर उभे केले, टाचा उचलल्या, श्वास रोखून छाती फुगवली. पट्टीवाल्या पोराने काही न बोलता त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि केस सपाट केले. दोन बोटं कमी. पोरगं तिथेच फतकल मारून बसलं आणि पुढच्याच क्षणी किंचाळत उठलं, कारण मे महिन्यातल्या दुपारची फरशी! रबरी चपला आतपर्यंत न्या राव, कोण काय म्हणेल ते म्हणो.

कळंगुटच्या बाजूचा

मी हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावांची देखभाल करतो, म्हणून आतली गोष्ट. नाकाला झोंबणारा जो वास येतो त्याला लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालंय. खरं तर क्लोरीन घाम आणि लघवीबरोबर मिसळलं की क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणून आत जाण्याआधी शॉवर घ्या म्हणून पाटी लावलेली असते. ती पाटी कोणी वाचत नाही.

सुती कपड्यांवर बंदी का, हेही लोक भांडून विचारतात. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, काहींचा रंग जातो. शिवाय भिजलेलं सूत जड होऊन घसरगुंडीला चिकटतं, माणूस मध्येच थांबतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. जीन्सची धातूची बटणं तर फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे काढतात.

आणखी एक, जरा घाणेरडं पण लिहितोच. सुट्टीत इकडचंतिकडचं खाऊन पोरांची पोटं बिघडतात. जुलाब झालेल्या मुलाला तलावात नेऊ नका, थांबले तरी काही दिवस थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो. पाणी कसं ओळखायचं? खोल भागाचा तळ आणि तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी स्वतः उतरत नाही.

मिरामार, पणजी

मी समुद्रवाली, भांडायलाच आले आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं, नुसता लाल बावटा असेल तर पाय बुडवायलाही जायचं नाही, एवढं पाळलं की झालं. पाहुणे नेमके जिथे लाटा फुटत नाहीत तिथे जातात, पाणी शांत दिसतं म्हणून. ती बहुतेक वेळा आत ओढणाऱ्या प्रवाहाची वाट असते. त्यात सापडलं तर काठाकडे झुंजायचं नाही, काठाला समांतर पोहत बाहेर पडायचं, आणि पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

मान्य करते, हे सगळं सांभाळत चार पोरांवर लक्ष ठेवणं म्हणजे आईची सुट्टी नव्हेच. आणि जूनपासून समुद्र बंदच धरायचा.

शिवोली

समुद्रही नको, पार्कही नको. 24 जूनला सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, या. डोक्यावर फुलापानांचं कोपेल, म्हणजे मुकुट, घुमट या मातीच्या वाद्याचा आवाज आणि विहिरीत धडाधड उड्या. तिकीट नाही. पोहायला मात्र यायला हवं.

पुणे

बायकांच्या बाजूने कोणीच लिहीत नाहीये म्हणून. कपडे बदलायच्या खोलीत कोरडा कोपरा नसतो. ओल्या अंगावर, ओल्या फरशीवर, एका पायावर उभं राहून लेगिंग चढवणं ही कसरत ज्यांनी केली त्यांनाच कळेल. येताना घालायला ढगळ गाऊन किंवा परकर न्या, डोक्यावरून घालता येतो. ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी. आणि स्वतःचे नायलॉनचे फुल पँट-टीशर्ट घेऊन ठेवा, भाड्याचे मापात कधीच मिळत नाहीत. माझ्या नवऱ्याला लहान आले आणि दिवसभर तो हात पुढे बांधून फिरला, त्याचे फोटो आहेत.

लॉकरची किल्ली रबरी कड्यात देतात ती मुलाच्या मनगटात घालू नका. एवढंच.

बेळगाव

आम्ही पुढच्या आठवड्यात चोर्ला घाटाने येतोय. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, डॉक्टर पाण्यात चाला म्हणतात. शुक्रवार ठरवलाय. जमेल ना?

म्हापसा

ताई, शुक्रवार सोडून कुठलाही वार. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, दुपारपर्यंत गावातून गाडी हलत नाही. सासऱ्यांना लेझी रिव्हरच्या, म्हणजे संथ वाहत्या पाण्याच्या पाटातल्या, ट्यूबमध्ये बसवू नका. बसणं सोपं, त्यातून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. त्याच पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहून सावकाश चालू दे, कोणीतरी बाजूला असावं. उघडल्या उघडल्या जा, गर्दीही कमी असते आणि फरशीही तापलेली नसते. बाजार बघायचाच असेल तर शुक्रवारी सकाळी लवकर, पायी. मानकुराद आंबे अजून आहेत, पण पाऊस पडला की संपले.