आजी-आजोबांच्या लग्नाला 60 वर्षं होतायत, हॉल आणि डीजे सोडून काय करता येईल?

नगरची_नात:
जय ख्रिस्त मंडळी. येत्या मे महिन्यात आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाला 60 वर्षं पूर्ण होतील, 1966 चं लग्न. दोघंही मिशनच्या शाळेत शिक्षक होते. काका-आत्या म्हणतायत हॉल घ्या, मोठा केक आणा, डीजे लावा. त्यांचा उत्साह कळतो पण मला ते पुरेसं वाटत नाही. आजोबा अजून रोज दिवेलागणीला पवित्र शास्त्र काढून बसतात, आजीला आता नीट दिसत नाही म्हणून ते मोठ्याने वाचतात आणि आजी मध्येच पुढची ओळ तोंडपाठ म्हणून टाकते, मग ते थांबतात, तिचं होऊ देतात आणि पुढे वाचतात. आम्ही सगळी नातवंडं हे बघतच मोठी झालो. याचा मान राखला जाईल असं काही सुचवा ना प्लीज.

पेटीवाला:
हॉल कॅन्सल करू नका, पाहुण्यांना जेवण तर लागणारच, पण सकाळी आधी चर्चमध्ये आभाराची उपासना ठेवा. पाळकसाहेबांना आत्ताच भेटून घ्या, मे म्हणजे लग्नांची गर्दी. आणि गायनं त्या दोघांनाच निवडू द्या. त्या पिढीला रेव्हरंड ना. वा. टिळकांची गायनं पाठ असतात, अभंग-ओवीच्या वळणाची, ती पेटी-तबल्यावरच शोभतात. कीबोर्डचा रेडीमेड ताल लावला की वयस्कर माणसांचा श्वास पुरत नाही, ते मधेच गायचे थांबतात, हे मी दर रविवारी बघतो. वाचनाला 2 तीमथ्य 1:5 घ्या, पौल तिथे तीमथ्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देतो. सगळ्यात धाकट्या नातवंडाला वाचू दे.

वसईकर:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे 50-60 वर्षांना मिस्सा (चर्चमधली उपासना) ठेवतात आणि त्यात नवरा-बायको लग्नाची वचनं परत म्हणतात. आमची आजी त्या दिवशी लाल लुगडं नेसून आली होती, चर्चमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तुमच्याकडेही पाळकांना विचारून बघा. फक्त आधी आजी-आजोबांना नक्की विचारा, सरप्राइज वगैरे देऊ नका. आमच्या आजोबांना चारचौघांत बोलायचा फार संकोच, म्हणून फादरांनीच वचनं वाचली आणि ते नुसतं "हो" म्हणाले, तेवढं पुष्कळ झालं.

जुनी_वही:
एक काम करा, लग्न ज्या चर्चमध्ये लागलं तिथली विवाहाची नोंदवही बघायला मागा. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा आहे, नोंदीखाली नवरा-नवरीच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालं 1970 ला, त्यामुळे तुमची नोंद जुन्या नावाच्या वहीत असेल, हे ऑफिसमधे आधीच सांगा म्हणजे शोधायला सोपं जाईल. आजीची नवरी असतानाची सही सापडली तर त्या पानाचा फोटो फ्रेम करून द्या, केकपेक्षा कितीतरी मोलाचं.

दुसरं म्हणजे त्यांची साक्ष, म्हणजे विश्वासातल्या आयुष्याची त्यांच्याच तोंडची गोष्ट, मोबाईलवर रेकॉर्ड करा, दोघांना एकत्र बसवून, आणि नुसतं गोडगोड विचारू नका. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली वर्षं दोघांना किती जड गेली ते आपल्याला माहीत आहे म्हणूनच पुढचा त्यांचा संसार एवढा भिडतो. तुमच्या आजीला विचारा, 1972 च्या दुष्काळात घर कसं चालवलं, तेव्हा प्रार्थनेत काय मागायचात. अशा प्रश्नांवर माणसं बोलती होतात.

नगरची_नात:
सगळ्यांचे खूप आभार. आज संध्याकाळी वाचन झाल्यावर हळूच विषय काढला. आजोबा म्हणाले वचनं परत म्हणायला माझी काही हरकत नाही, तिला विचार. आजी म्हणाली म्हणेन, पण खुर्चीत बसून, आणि गायनं मी सांगेन तीच. लगेच चार गायनं सांगितली पण, मी लिहून घेतली. पेटीवाले दादा, तबलजी आमच्याकडे आहेत पण पेटीला कुणी नाही, तुम्ही नगरच्या जवळपास असाल तर मेसेज करा. नोंदवहीसाठी काका सोमवारी चर्च ऑफिसला जातायत.