जुन्या लोखंडी कॉफी-ड्रमला आतून कल्हई करावी का?

शेगडी_आणि_सूप (धागा):
दक्षिणेकडच्या घरांत शेगडीवर हाताने फिरवून कॉफी भाजायचे लोखंडी ड्रम असत. जुन्या बाजारात मिळतात ते बहुतेक आतून गंजलेले. माझं मत ठाम आहे: गंज घासून आतून कल्हई करून घ्यावी. तांब्या-पितळेला आपण पिढ्यान्‌पिढ्या तेच करतो.

चाळणवाला:
मुळीच नको! कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल 232 अंशांना वितळतं. पातेल्यात पाणी असतं, तापमान शंभराच्या आसपास राहतं, म्हणून तिथे कल्हई टिकते. कॉफी भाजतात कोरडी. भाजताना बिया दोनदा तडतडतात: पहिला तडतडाट साधारण 200 अंशांना, दुसरा 225च्या आसपास, आणि हे झालं बीचं तापमान. ज्वाळेवरचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. कथिल ओघळून बियांवरच बसणार.

शेगडी_आणि_सूप:
मग आच मंद ठेवा. अर्धा तास लागला तर लागू दे.

चाळणवाला:
अर्ध्या तासात कॉफी भाजत नाही, वाळते. चव सपाट होते. नवव्या-दहाव्या मिनिटाला तडतड ऐकू यावी आणि 12 ते 15 मिनिटांत ड्रम उतरावा.
गंजाला व्हिनेगर आणि पाणी समभाग, 12 तास. त्याहून जास्त ठेवलंत तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. तारेच्या घासणीने घासा, लिटरभर पाण्यात 2 चमचे खायचा सोडा घालून विसळा आणि लगेच ज्वाळेवर कोरडा करा. ओला राहिला तर बघता बघता नारिंगी पूड धरते. मग जवसाच्या तेलाचा हात, पुसून काढल्यासारखा पातळ, आणि धूर थांबेपर्यंत तापवणं. असं तीनदा.

कोरडा_हात:
तेल बाहेरून द्या, आतून नाही. थर जरा जाड राहिला की चिकटा होतो, बीची चंदेरी साल त्यावर चिकटून जळते आणि तो धूर कॉफीत उतरतो. आत दोन घाणे हलक्या प्रतीच्या बिया काळ्या होईतो भाजून फेकून द्या. बियांचं स्वतःचं तेल पुरतं.

चाळणवाला:
कोकणातल्या पावसाळ्यात असा कोरडा ड्रम किती दिवस टिकेल? पातळ हात द्यायलाच हवा.

कोरडा_हात:
त्यापेक्षा वापरून झाल्यावर गरम असतानाच झटकून कोरड्या डब्यात ठेवा.
आणि तेलाच्या आधी सांधे बघा, ते कुणीच बोललं नाही. रिव्हेटचे असतील तर उत्तम. कथिल-शिशाचा डाख असेल तर तो 183 अंशांपासूनच मऊ पडतो. असा ड्रम शोभेलाच ठेवावा. जस्ताचा मुलामा असेल तरी तेच. आसाला ग्रीस नको, जळून वास येतो. ग्रॅफाइटची पूड घाला.

शेगडी_आणि_सूप:
कल्हईचं मत मागे घेतो, 232चा मुद्दा बिनतोड आहे. पण भरताना किती?

चाळणवाला:
ड्रमचा एक तृतीयांश. बिया फुगतात, वजन मात्र घटतं: 250 ग्रॅम हिरव्या बियांच्या साधारण 210 होतात. सेकंदाला एक फेरा, हात थांबला की एका बाजूला काळे डाग. उतरवल्यावर सुपात पंख्याखाली चार मिनिटांत गार करा, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजणं चालूच राहतं.
आतून तेलाचा हात मात्र मी देणारच.