पिकलिंग काकडीला फुलं उदंड, पण काकडी धरत नाही

अंगणातली, न्यू जर्सी
नमस्कार मंडळी. परसातल्या ८ बाय ४ फुटांच्या वाफ्यात यंदा 'बोस्टन पिकलिंग'चे सहा वेल लावलेत. मे अखेरीला बी टोकलं, आता वेल छातीपर्यंत चढलेत. गेल्या वर्षी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या भुंगेऱ्यांनी घात केला. सकाळी टवटवीत दिसणारे वेल दुपारी माना टाकायचे, आठवड्याभरात सगळे गेले. मला फार लागलं ते. म्हणून यंदा पहिल्या दिवसापासून वरून पातळ पांढरं कापड घातलंय. पानं अशी तजेलदार की बघत राहावं, फुलंही भरपूर. पण काकडी करंगळीच्या पेराएवढी झाली की पिवळी पडते आणि गळते. पाणी कमी पडतंय की खत? लेकीला शेपू घातलेल्या बरणीतल्या काकड्या फार आवडतात. घरच्या करून देईन असं कबूल केलंय.

मांडव, ओहायो
ताई, आधी ते कापड काढा! मधमाशी आत शिरणार कुठून? या वाणात नर आणि मादी फुलं एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. ज्याच्या मागे इवलीशी काटेरी काकडी दिसते ते मादी, नुसत्या बारीक देठावरचं ते नर. पराग पोचला नाही की ती काकडी तशीच सुकते. भुंगेरे मर रोग आणतात, तुमची भीती खरीच आहे, पण फुलं आली की कापड उतरवावंच लागतं.
उद्या सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. फूल एकच दिवस उमलतं, तेव्हा दुपारवर टाकू नका. आणि नत्राचं खत आता अजिबात नको, नुसती पानं माजतील.

तवसं, रत्नागिरी
पाण्याची ओढ बसली की काकडी कडू होते, म्हणून बुंध्याशी वाळल्या गवताचं आच्छादन करा. आम्ही पावसाळ्यात तवसं, म्हणजे कोकणातली मोठी काकडी, वेलावर मुद्दाम पिवळं होऊ देतो, धोंडसाला (काकडीच्या गोड केकला) तेच हवं असतं. तुमच्या वेलावर मात्र एकही पिकू देऊ नका, वेल पुढे धरायचा थांबतो. रोज पानं उचलून बघा, तिथेच लपतात.

अंगणातली
कापड काढून आज बारा दिवस झाले. पहिले चार दिवस फुलं हातानेच लावली, मग मधमाश्या आल्या. आज २३ काकड्या तोडल्या, सगळ्या बोटभर लांबीच्या. देठाकडे अजून बारीक काटे टोचतात, इतक्या कोवळ्या. लेक परडी घेऊन मागे-मागे होती. मनापासून आभार! आता मिठाचं प्रमाण सांगाल का?

मांडव
वा, ताई! लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, बिनआयोडीनचं. काकडीचं फुलाकडचं टोक चकतीएवढं कापून टाका, ते राहिलं तर काकडी मऊ पडते. लसूण, मिरे, शेपूचा फुलोरा घाला, मिळालं तर एक द्राक्षाचं पान. काकड्या पाण्याखालीच राहायला हव्यात, वर लहान वाटी दाबून ठेवा. तीन-चार दिवसांनी पाणी गढूळ झालं तर ओतून देऊ नका, ते आंबायला लागलंय.