रिव्हॉल्व्हरचा परवाना: हक्क की सवलत?

कोथरूडकर: राहणं कोथरूडला, शेतघर मुळशीत. स्वसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्व्हर हवं असेल तर अर्ज कुठे करायचा? आणि हा आपला हक्कच नाही का?

बाराबोर: राहता पत्ता शहरातला, म्हणजे पुणे पोलीस आयुक्तालय. ग्रामीण हद्दीत राहत असता तर जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये. गाडी अडते ती कारणाच्या रकान्यात. नुसतं ‘जिवाला धोका’ लिहिलं तर ते मोघम ठरतं. धमकीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत जोडा. शेतजमीन, बंगला दाखवून वजन पडत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, असं १९५९ च्या कायद्यातच आहे.

चौकस: हक्क नाही हो, परवानगी आहे, आणि तेच बरं. २०१९ च्या दुरुस्तीनं तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा. वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते हौसेखातर मागणाऱ्याला एअरगन पुष्कळ झाली.

बाराबोर: घरी ठेवताना सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा. ट्रिगरवर बोट नको. रिव्हॉल्व्हर कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. उशीखाली तर मुळीच नको, घरात पोरं असतात.

कोथरूडकर: मग आधी शेतघराला कुंपण आणि दिवे.