लिस्टची ‘लीबेस्ट्रॉयमे’: वाजवणाऱ्याला मूळ कविता ठाऊक असावी का?

प्रश्न : विजापूर रोड, सोलापूर

नमस्कार. मी सध्या हंगेरियन संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या ‘लीबेस्ट्रॉयमे’ या तीन नॉक्टर्नांपैकी (नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या भावाची, गाती पियानोरचना) तिसरे, ए फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतले, बसवत आहे. ही तिन्ही मुळात जर्मन कवितांवरची गाणी होती आणि १८५० साली गायनाची व पियानोची अशी दोन्ही रूपे एकाच वेळी प्रसिद्ध झाली, एवढे मला वाचून समजले. मला जर्मन येत नाही. अशा वेळी कवितेचा अर्थ जाणून घेतल्याने प्रत्यक्ष वादनात काही फरक पडतो का? की रचना एकदा पियानोची झाली म्हणजे शब्दांशी तिचा संबंध संपतो?

उत्तर : संवादिनीवादक

फरक पडतो, आणि तिसऱ्या नॉक्टर्नमध्ये तर तो फार मोठा आहे. शीर्षकाचा अर्थ ‘प्रेमस्वप्ने’ असा असल्यामुळे पुष्कळजण ते गोड, सैलसर वाजवतात. पण ज्यावर ते आधारले आहे ती जर्मन कवी फ्रायलिग्राथची कविता निराळे सांगते. जोवर प्रेम करता येते तोवर कर, कारण थडग्यापाशी उभे राहून शोक करण्याची घटका येणार आहे, असा तिचा आरंभ आहे. पुढे कवी जिभेला आवर घालायला सांगतो, कारण कठोर शब्द चटकन निघून जातो, आपल्या मनात वाईट नसते, पण समोरचा माणूस दुखावून निघून जातो. लिस्टने दीर्घ कवितेतली पहिली चार कडवीच घेतली आणि या दुखावलेल्या माणसानंतर आरंभीचे शब्द पुन्हा आणले. हे कळल्यावर अखेरीस परतणारी मूळ चाल केवळ पुनरावृत्ती म्हणून वाजवणे शक्यच होत नाही.

दुसरी गोष्ट हाताशी निगडित आहे. ही चाल उचलीनंतर, म्हणजे आरंभीच्या उठावाच्या स्वरानंतर, एकाच स्वरावर रेंगाळते. गायकाच्या तोंडी अक्षर बदलते म्हणून तो स्वर दरवेळी निराळा वाटतो. पियानोवर मात्र तो भेद बोटांच्या वजनानेच करावा लागतो. संवादिनीवर नाट्यपद वाजवताना आम्ही शब्द मनात म्हणतो, ते याचसाठी.

उत्तर : मुरारजी पेठ

वरील मत मला अर्धेच पटते. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे श्रोते एकाच मैफलीत बसतात आणि न समजणाऱ्या भाषेतल्या पदालाही मनापासून दाद देतात, तेव्हा शब्द कळणे ही रसास्वादाची अट मानता येत नाही. शिवाय लिस्टने गाणे जसेच्या तसे उतरवलेले नाही. चाल तो आरंभी मधल्या सप्तकात ठेवतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत ती वाटून देतो आणि भोवती तुटक स्वरसंघांची झालर विणतो; मधल्या भागात बी मेजर या पट्टीकडे जाऊन चाल उंचावते, आणि तिन्ही भागांना जोडणारे दोन कॅडेन्झा (मुक्त लयीतले, वादकाचे कौशल्य दाखवणारे तुकडे) तर निखळ पियानोचेच आहेत, त्यांना कोणतेही शब्द नाहीत. तिथे कविता शोधत बसल्यास वादन अडखळते.

नॉक्टर्न हा प्रकारच गळ्याकडून शिकलेला आहे, हे मात्र खरे. आयर्लंडच्या जॉन फील्डने डाव्या हातात मोडलेले स्वरसंघ आणि उजव्या हातात गाती चाल हा घाट रुजवला, पोलिश संगीतकार शोपँने त्याला खोली दिली, आणि फील्डच्या नॉक्टर्नांच्या १८५९ च्या आवृत्तीला लिस्टनेच प्रस्तावना लिहिली.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. पहिल्या दोन नॉक्टर्नांविषयीही कृपया लिहावे.

उत्तर : संवादिनीवादक

त्या दोन्हींच्या कविता जर्मन कवी उलांडच्या आहेत. पहिलीत ऐहिक प्रेमाचा त्याग करून स्वर्गीय प्रेमाकडे वळणे आहे. दुसरीत प्रेमिक सुखाने जणू मरतो, प्रेयसीच्या बाहूंत पुरला जातो, चुंबनाने जागा होतो आणि तिच्या डोळ्यांत त्याला स्वर्ग दिसतो. म्हणून तिन्ही एकत्र ऐकल्याशिवाय तिसऱ्यातली मृत्यूची जाणीव पुरती उमगत नाही, असे माझे मत आहे. ई मेजरमधले दुसरे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपे आहे. तिसऱ्याचे कॅडेन्झा हाताला बसेपर्यंत ते समांतर शिकावे, आणि सुरुवातीला नुसती चाल एका हाताने, श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून, गात वाजवावी.