मदत हवी आहे : ट्वीटांवरून लसीविषयीचे मुंबईकरांचे मत कसे मोजावे?

शिंपला : कोविड लसीकरणाविषयी मुंबईकरांचे मत कसे बदलत गेले, हा माझ्या एम. ए.च्या प्रबंधिकेचा विषय आहे. ट्वीट गोळा करून झाले आहेत आणि संगणकाकडून त्यांची अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ अशी विभागणीही करून घेतली आहे. परंतु याला जनमत म्हणता येणार नाही, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. मसुदा पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. पद्धत ग्राह्य ठरण्यासाठी काय लिहावे, एवढेच कृपया सांगावे.

गावठाण : ट्वीट कोणत्या महिन्यांतले आणि कोणत्या भाषेतले, हे आधी सांगा. १ मे २०२१ रोजी लसीकरण १८ वर्षांवरील सर्वांना खुले झाले, तेव्हा लशींचा तुटवडा होता. ‘केंद्रावरून परत पाठवले’ असे चिडून लिहिणाऱ्याला लस हवीच होती. तुमचा संगणक त्याला प्रतिकूल ठरवत असेल, तर आलेख उलटा निघेल.

निरंतर : ट्विटरची विनामूल्य संशोधन सुविधा २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता नवीन विदा (डेटा) मिळवणे खर्चाचे आहे.

शिंपला : निरंतर, विदा माझ्याकडे आहे. गावठाण, जानेवारी ते ऑगस्ट २०२१, मराठी आणि इंग्रजी. प्रोफाइलवर ‘मुंबई’ लिहिलेल्यांचेच ट्वीट घेतले आहेत.

अक्षरगणित : मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाचा ‘महासेंट’ संच वापरा. २०२१ मध्ये आलेल्या या संचात सुमारे १६,००० ट्वीटांना भावनेनुसार खुणा केलेल्या आहेत. त्यावर शिकवलेले संगणकीय प्रारूप (मॉडेल) चांगले चालते, असा माझा अनुभव आहे.

गावठाण : त्या संचातील ट्वीट मुख्यतः सार्वजनिक जीवनातील व्यक्तींच्या खात्यांवरचे आहेत. रांगेत उभा राहून रोमन लिपीत मराठी लिहिणारा माणूस त्यात कसा सापडेल? शिवाय भावना आणि भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सातरस्ता : प्रारूप कोणतेही घ्या, मूळ अडचण नमुन्याची आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या प्रतिपिंड सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली होती. एकाच शहरात महामारीचा अनुभव इतका निराळा असताना ट्वीट कोणत्या वस्तीतून आले, हे तुम्हाला ठाऊक नाही. संख्या मोठी असली म्हणजे ही उणीव भरून निघते, असेही नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा डेल्फी गट आणि फेसबुक यांच्या पाहणीला आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे येत होती, तरीही मे २०२१ मध्ये पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण तिने प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवले. घरोघरी पाहणी करणे हाच खरा मार्ग आहे.

अक्षरगणित : २०२१ मधले मत आज घरोघरी विचारून कसे कळणार? लोक आठवून सांगतील, आणि आज लस घेतलेला माणूस तेव्हाची धास्ती कमीच सांगेल. त्या दिवसांत लिहिलेले शब्द फक्त ट्वीटांतच आहेत.

सातरस्ता : हे मान्य. मग शीर्षकातून ‘मुंबईकरांचे मत’ काढून ‘ट्विटरवरील चर्चा’ असे लिहा. रीट्वीट वगळा आणि ट्वीटांऐवजी माणसे मोजा. दिवसाला चाळीस वेळा लिहिणारा एकच धरला जावा.

गावठाण : आणि यादृच्छिक पद्धतीने तीनशे ट्वीट निवडून दोघांनी स्वतंत्रपणे वाचावेत, ‘लस हवी’, ‘नको’, ‘व्यवस्थेवर राग’ अशा खुणा कराव्यात आणि दोघांच्या खुणा योगायोगापलीकडे किती जुळतात हे सांगणारा कोहेन यांचा कप्पा गुणांक द्यावा.

शिंपला : शीर्षक बदलण्यास मार्गदर्शक बहुधा तयार होतील. खात्यांनुसार मोजणी आजच करते. दुसरी वाचणारी व्यक्ती मात्र माझ्याकडे नाही. रोमन लिपीतली मराठी सहज वाचणारे कोणी शनिवारपर्यंत वेळ देऊ शकेल का?