विषय: कोथरूडच्या वाचनालयाचा पीसी आणि डेटाबेस

मंडळी, नमस्कार.
कोथरूडच्या वाचनालयात आपण दिलेल्या जुन्या पीसीत १ जीबी रॅम आहे. लिनक्स आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस प्रोग्राम) टाकलंय, पण ब्राउझर उघडला की मायएसक्यूएल बंद पडतं. वर्गणी काढून रॅम वाढवावी, की पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस घालून बघावं?
– वाचनालय समिती

---

ताई, नमस्कार.

वर्गणी पुस्तकांसाठीच ठेवा. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल (म्हणजे त्याचा गाभा) एखादी मोठी प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारून जागा मोकळी करतो, बहुधा तेच होतंय. डीमेसग या कमांडने कर्नलचे संदेश दिसतात, त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ सापडते का बघा. पोस्टग्रेसने फार फरक पडणार नाही, त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते. मायएसक्यूएलच ठेवायचं असेल तर परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामाची मोजदाद ठेवणारा भाग) बंद करा, बफर पूल (डेटासाठी राखून ठेवलेली रॅम) १२८ एमबीवरून ३२ वर आणा आणि कमाल कनेक्शन १५१ ची १० करा.

पण मला मनापासून वाटतं, इथे सतत चालू राहणारा डेटाबेस सर्व्हर नकोच. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. त्याची वेगळी प्रोसेस चालत नाही आणि सगळी यादी एकाच फाइलमध्ये राहते. एका वेळी एकालाच लिहिता येतं, पण देवघेवीला काउंटरवर बसतं तरी कोण? एकच जण. फक्त ती फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवू नका, तिथे लॉकिंगचा (एक जण लिहिताना दुसऱ्याला थांबवण्याचा) भरवसा नसतो.

पावसाळ्यात वीज जाते म्हणून ‘सिंक्रोनस’ (नोंद डिस्कवर खरंच पोचली याची खात्री करणारं सेटिंग) फुलवरच असू द्या. वॉल मोडमध्ये (यात नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या ‘वॉल’ फाइलमध्ये जातात) ते नॉर्मल केलं तर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या एक-दोन नोंदी जाऊ शकतात. वाचकाने पुस्तक परत केलंय आणि आपल्याकडे नोंद नाही, हे वाचनालयाला शोभत नाही. बॅकअपला चालू फाइल नुसती कॉपी करू नका, वॉल मोड असेल तर शेजारच्या वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी राहून जातील. एसक्यूलाइटच्या ‘व्हॅक्यूम इन्टू’ या कमांडने पेनड्राइव्हवर प्रत काढा.

---

काका, एसक्यूलाइट बसवलं, ब्राउझरही सोबत नीट चालतोय. पण यादीत ‘काळ’ हे ‘कावळा’च्या आधी लागतंय!

---

ताई, युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत) ळ हा ल च्या लगेच पुढे आहे आणि एसक्यूलाइट त्याच क्रमाने लावतं. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. यादीचा क्रम ठरवणाऱ्या ‘ऑर्डर बाय’मध्ये रिप्लेस (अक्षर बदलणारं) फंक्शन वापरून ळ च्या जागी अवग्रह (ऽ) घाला. तो युनिकोडमध्ये ह च्या पुढे आहे, त्यामुळे क्रम बरोबर लागेल. मूळ नावाला धक्का लागत नाही. क्ष आणि ज्ञ मात्र अजून क आणि ज मध्येच येतील. तेही शेवटी हवे असतील तर कळवा, क्वेरी लिहून पाठवतो.